हिशेब शिकवणाऱ्या बायका : माणदेशीची वाटचाल

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तोही वेळेवर पडेल याची खात्री नाही. माणगंगा वर्षातले बरेच महिने वाळूच दाखवते. या भागातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेले. कुणी मुंबईच्या गिरण्यांत, कुणी गोदीत, कुणी सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर. धनगरांचे वाडे मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात उतरत राहिले. मागे राहिल्या त्या बायका. चार शेळ्या, दोन एकर कोरडवाहू, सासू-सासरे, पोरं आणि वाण्याची उधारी हे सगळं त्यांनी सांभाळलं. आठवडी बाजारात भाजी, बांगड्या, मडकी, घोंगडी, सुकी मासळी विकायला बसणाऱ्याही त्याच. म्हणजे माणदेशात व्यवसाय करणाऱ्या बायका माणदेशी संस्था निघण्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. त्यांना व्यावसायिक म्हणून कुणी मोजत नव्हतं, एवढंच.

संस्थेचा इतिहास लिहिताना सुरुवात इथूनच करायला हवी असं मला वाटतं. एरवी बँकेचा परवाना, शाखा, पुरस्कार अशी यादी होते. ती वाचून समज असा होतो की शिकलेल्या माणसांनी येऊन अडाणी बायकांना धंदा शिकवला. घडलं ते जवळपास उलट. धंदा बायकांना येत होता. तो एकीकडून दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती, आणि ती सोय उभी करणं हेच संस्थेचं गेल्या तीसेक वर्षांचं काम आहे.

चेतना सिन्हा मुंबईच्या. अर्थशास्त्र शिकलेल्या, जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातून घडलेल्या. त्याच चळवळीतले विजय सिन्हा माण तालुक्यातल्या म्हसवडचे शेतकरी. त्यांच्याशी लग्न झाल्यावर १९८०च्या दशकात चेतनाताई म्हसवडला राहायला आल्या. नळाला पाणी नाही, वीज कधी आहे कधी नाही, अशा गावात शहरातल्या मुलीने संसार मांडला. रोजगार हमीची कामं, बायकांचे प्रश्न, गावोगावच्या सभा हे काम सुरू होतंच. त्यातून माणसं ओळखीची झाली आणि माणसांतून प्रश्न कळले. बँकेचा विचार मात्र त्यांच्या डोक्यातून निघाला नाही. तो कांताबाईंनी आणला.

कांताबाई लोहारकाम करायच्या. रस्त्याच्या कडेला भाता आणि ऐरण, तिथेच बिऱ्हाड. पावसाळ्याआधी पाल झाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोज थोडे पैसे बाजूला टाकायचे होते. त्यांनी कर्ज मागितलं नव्हतं, अनुदान मागितलं नव्हतं. स्वतःचे पैसे ठेवायला सुरक्षित जागा हवी होती. बँकेने खातं उघडायला नकार दिला, कारण रक्कम फारच किरकोळ. चेतनाताई सोबत गेल्या तरी उत्तर बदललं नाही. तेव्हा आपणच बँक काढायची असं ठरलं. हा निर्णय आज सोपा वाटतो. सहकारी कायद्याखाली पतसंस्था काढणं एक, आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली सहकारी बँक काढणं दुसरं. सहकारी बँका १९६६पासून रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली आल्या. ठेवी घ्यायच्या तर भांडवल, प्रवर्तक, कागदपत्रं सगळं तिच्या कसोटीला उतरायला हवं.

पहिला अर्ज नामंजूर झाला. प्रवर्तक म्हणून ज्या बायकांची नावं होती, त्यांतल्या अनेकींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या सभासदांच्या बँकेला परवाना कसा द्यायचा, हा प्रश्न होता. चेतनाताई रडत परत आल्या. ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेक व्यासपीठांवरून सांगितली आहे. बायका मात्र रडल्या नाहीत. आम्ही शिकतो आणि परत अर्ज करू, असं त्या म्हणाल्या. दिवसभराचं काम आटोपून रात्री साक्षरतेचे वर्ग भरू लागले. पाच महिन्यांनी पुन्हा अर्ज गेला आणि या खेपेला चेतनाताई एकट्या गेल्या नाहीत. पंधराजणी बरोबर होत्या. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, यात आमचा दोष नाही. वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कोणतीही मुद्दल सांगा, व्याज काढून दाखवतो. नाही जमलं तर परवाना देऊ नका. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय तेच गणित सोडवायला सांगा आणि कोण आधी सांगतं ते बघा.

या बोलण्यात बढाई नव्हती. आठवडी बाजारात बसणाऱ्या बाईला हे रोजचंच आहे. सात हजार रुपये, सालाला अठरा टक्के, पाच महिने, असा हिशेब तिच्यासमोर टाकला तर ती टक्क्यांच्या सूत्राकडे जाणार नाही. सालाला अठरा म्हणजे महिन्याला शेकडा दीड. हजाराला पंधरा. सात हजाराला एकशेपाच. पाच महिन्यांचे पाचशे पंचवीस. हे ती पिशवीत वांगी भरता भरता सांगते. हातउसने, सावकारी व्याज, पाळीचे पैसे, भिशीचा लिलाव या सगळ्यांतून ही शिकवण आलेली आहे. शाळेच्या दाखल्यावर ती कुठे नोंदलेली नसते.

परवाना मिळाला आणि १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद १,३३५. त्यांनी जमवलेलं भागभांडवल ७ लाख ८ हजार रुपये. भागाकार करून पाहिला तर एकीमागे सरासरी साडेपाचशेही येत नाहीत. पण त्या काळी मजुरीवर जगणाऱ्या बाईला पाचशे रुपये म्हणजे कित्येक दिवसांचा घाम होता, आणि तो तिने अजून डोळ्यांनी न पाहिलेल्या बँकेत घातला. ग्रामीण बायकांनी ग्रामीण बायकांसाठी काढलेली देशातली पहिली बँक असा तिचा उल्लेख होतो. वाट मात्र अगदीच अनोळखी नव्हती. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घालून १९७४ साली बँक काढली होती. मुंबईत १९५९ साली गिरगावातल्या सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून सावकाराच्या हातून बँकेच्या दारी नेलं. गिरणीतल्या ज्या चाकरमान्यांना या खानावळींनी जेवू घातलं, त्यांतले कितीतरी आपल्याच भागातून गेलेले होते. तेव्हा या नात्याची नोंद आपल्या स्मरणिकेत असायलाच हवी.

बँकेची सुरुवातीची वर्षं ठेवी गोळा करण्यात गेली. बाजारकरणीला बँकेच्या वेळेत दुकान सोडून रांगेत उभं राहणं परवडत नाही. म्हणून बँक तिच्या दारात गेली. रोजची वसुली, रोजची ठेव. पुढे इलेक्ट्रॉनिक व्यवहार आले तेव्हा खातेदारांना गुप्त क्रमांक द्यावा असा विचार पुढे आला. बायकांनी तो नाकारला. क्रमांक कुणीही काढून घेईल, पाठ करायला लावेल, घरातलंच माणूस दमदाटी करून विचारेल. अंगठा कुणी चोरू शकत नाही, अंगठ्याचीच सोय करा, असं त्यांनी सुचवलं आणि तसंच झालं. ज्या अंगठ्यापायी पहिला अर्ज परत आला होता, तोच पुढे खात्याची किल्ली झाला. गरिबांना कमअस्सल तोडगे देऊ नयेत, ती माणसं हुशार असतात, हे चेतनाताई नेहमी सांगतात. त्यामागे असे अनुभव आहेत.

पण कर्ज देऊन आणि वसूल करून बँकेला हळूहळू एक गोष्ट दिसली. परतफेड चांगली होती, धंदा मात्र होता तिथेच राहत होता. पाच हजारांचं कर्ज फेडून बाई पुन्हा पाच हजारच मागायची. दहा हजार मागायचं धाडस होत नव्हतं, आणि दिलं तरी त्याचं करायचं काय हे सांगणारं कुणी नव्हतं. शहरातल्या व्यापाऱ्याला बाप, मामा, दुकानाचा जुना मुनीम, आडत्या असं कुणीतरी सांगणारं असतं. कोणता माल कधी भरायचा, उधारी कुणाला द्यायची, कुणाला नाही, तोटा आला तर कुठे थांबायचं, हे पुरुषांच्या धंद्यात घराच्या ओसरीवरच कळतं. बाईला ती ओसरी नव्हती. तिच्या माहेरात धंदा असला तरी तो भावाला शिकवला गेला.

त्यातून २००६-०७च्या सुमारास माणदेशी उद्योगिनी ही ग्रामीण बायकांची व्यवसायशाळा सुरू झाली. एचएसबीसी बँकेने त्यासाठी साहाय्य केलं. शिवण, ब्यूटी पार्लर, संगणक, शेळीपालन असे अभ्यासक्रम होते आणि त्याबरोबर बचत, कर्ज, विमा, हिशेब ठेवणं हेही होतं. पण म्हसवडला येऊन वर्गात बसणं ही गोष्ट वाड्यावस्त्यांवरच्या बायकांना अवघडच. घरातली कामं, एसटीच्या वेळा, नवऱ्याची परवानगी, कडेवरचं मूल. म्हणून एका बसमध्येच वर्ग बसवला. आत शिवणयंत्रं, संगणक. बस वस्तीवर जाऊन उभी राहायची, बायका येऊन शिकायच्या. वर्ग दाराशी आला की घरातल्यांचाही विरोध मावळतो, हे या बसने दाखवलं. ही शाळा पुढे साताऱ्याबाहेर गेली. कोकणात चिपळूणला आणि कर्नाटकात हुबळीलाही तिची केंद्रं झाली.

याच काळात वनिता पिसे यांचं नाव सगळ्यांना माहीत झालं. त्यांनी बँकेकडून कर्ज घेऊन कागदी कप तयार करण्याचं यंत्र घेतलं. यंत्र एकटीच्या हातात ठेवलं असतं तर त्यांचा एक चांगला धंदा झाला असता. त्यांनी शेजारपाजारच्या बायकांना काम शिकवलं आणि गावातल्या बायकांच्या हातून कप तयार होऊ लागले. भारतीय उद्योग महासंघाच्या पुरस्काराने त्यांचा गौरव झाला आणि तो त्यांनी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते स्वीकारला. पुरस्काराची बातमी वर्तमानपत्रांत आली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं होतं ते शेजारणींना शिकवणं. तिथे संस्थेला आपल्या पुढच्या कामाची दिशा सापडली. धंदा शिकवायला सर्वांत योग्य माणूस म्हणजे तो धंदा आधी केलेली बाई.

देशी एमबीए हा अभ्यासक्रम त्यातूनच घडला. ज्या बायका आधीपासून धंद्यात आहेत, त्यांच्यासाठी सुमारे वर्षभराचा. वर्गात काही दिवस शिकायचं आणि मधल्या काळात एका मार्गदर्शक ताईने येऊन प्रत्यक्ष दुकानात, भट्टीवर, गोठ्यात बसून बोलायचं. वर्गातल्या शिकवण्यापेक्षा हे दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. ते नेमकं कसं चालतं हे दूरच्या वाचकाला कळावं म्हणून एक हिशेब इथे मांडतो. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण असा हिशेब या बैठकांत नेहमीचाच.

समजा एक ताई शेंगदाण्याची चटणी करून बाजारात विकते. दहा किलो चटणीला दाणे तेराशे रुपयांचे, लसूण-तिखट-मीठ साडेतीनशेचं, कांडपाचे शंभर, पिशव्यांचे दीडशे. एकूण एकोणीसशे. म्हणजे किलोला एकशे नव्वद पडले. ती दोनशे वीसने विकते आणि किलोमागे तीस रुपये सुटतात म्हणून खूश असते. मार्गदर्शक ताई विचारते, दाणे भाजून, सोलून, निवडून द्यायला किती दिवस गेले? दोन. मग तुमची मजुरी कुठं धरलीय, वहिनी? माझी कसली मजुरी, घरचंच काम की. बरं, तुम्ही दोन दिवस दुसरीच्या रानात खुरपायला गेला असता तर? तीनशेप्रमाणे सहाशे मिळाले असते. आणि बाजाराला जायचं-यायचं एसटीचं भाडं? ऐंशी. सहाशे ऐंशी वजा केले तर तीनशेचा नफा जाऊन वर तीनशे ऐंशीचा तोटा. वहिनी गप्प होते. पुढचं बोलणं भावाचं. पाव किलोची पाकिटं करून पंच्याहत्तरला विका, म्हणजे किलोचे तीनशे होतात. पाकिटांचा खर्च शंभरने वाढेल, तरी मजुरी-भाडं सगळं धरून दहा किलोमागे तीनशे वीस राहतात. वहिनीचा एकच आक्षेप असतो, भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल. त्याला कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही. उत्तर देऊ शकते ती फक्त आधी भाव वाढवून पाहिलेली बाई. माझं नव्हतं तुटलं, असं ती म्हणते, आणि समोरचीचा विश्वास बसतो, कारण ही तिच्याच बाजारातली, तिच्याच भाषेत बोलणारी असते.

या बैठकांत स्वतःच्या मजुरीचा विषय दर वेळी निघतो आणि दर वेळी अडतो. बाईला आपल्या श्रमाला किंमत आहे हे वहीत लिहिणं जड जातं. एकदा तो आकडा वहीत चढला की घरातलं बोलणंही बदलतं. दुसरा नेहमीचा विषय गल्ल्याचा. धंद्याचे पैसे आणि घरखर्चाचे पैसे एकाच डब्यात असतात, मग पोराची फी भरली की माल भरायला पैसे नाहीत. दोन डबे करा, एवढा साधा सल्ला. तो अंमलात आणायला मात्र कित्येक महिने लागतात, कारण डबा एक असला की नवऱ्याला आणि सासूला त्यात हात घालता येतो. मार्गदर्शक ताईला तेव्हा हिशेबाबरोबर घराचं राजकारणही सांभाळावं लागतं. कधी ती सासूशी आधी बोलते. कधी बाहेर ओट्यावर बसलेल्या नवऱ्याला मुद्दाम आत बोलावून त्याच्यासमोरच हिशेब मांडते, म्हणजे पुढे त्याचाही त्यात हात लागतो.

२०१२-१३च्या दुष्काळाने या सगळ्या कामाची परीक्षा घेतली. केराबाई सरगर दागिने गहाण ठेवायला बँकेत आल्या. जनावरांना चारा-पाणी घ्यायचं होतं. बँकेने सोनं घेऊन पैसे दिले असते. पण बाजारात चाराच नसेल, विहिरीत पाणीच नसेल, तर पैसे घेऊन करायचं काय, हा प्रश्न केराबाईंनी समोर ठेवला. सोनं गहाण घ्यायला निघालेली बँक जनावरांची छावणी चालवू लागली. सुमारे दीड वर्ष छावणी चालली आणि हजारो जनावरं जगली. छावणीत केराबाई गाणी म्हणत फिरायच्या. पाऊस आला, छावणी उठली, तेव्हा त्या माणदेशी तरंग या आपल्या सामुदायिक रेडिओच्या केंद्रावर आल्या. हे केंद्र २००८पासून चालू होतं. मला कार्यक्रम करायचा आहे, असं त्या म्हणाल्या. लिहिता-वाचता येत नाही, मग संहिता कशी लिहिणार असं विचारल्यावर त्यांचं म्हणणं असं की मला गाता येतं, त्यात काय एवढं. त्या कार्यक्रम करू लागल्या आणि आसपासच्या गावांत लोकप्रिय झाल्या. रानात काम करता करता ऐकणाऱ्या कितीतरी बायकांना आपल्यासारख्याच बाईचा आवाज रेडिओवर ऐकू आला.

सुनीता कांबळे यांची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते अधिक अवघड. दलित समाजातल्या या बाईने शेळ्यांचं कृत्रिम रेतन शिकून घेतलं. हे काम पुरुषांचं, त्यातही सरकारी दवाखान्यातल्या पुरुषांचं मानलेलं. बाई हे करणार म्हटल्यावर लोक हसले. शिवाय जातीमुळे काही घरांत त्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायला लोक तयार नव्हते. शेळी आजारी पडली की मात्र त्यांनाच बोलावणं जायचं. गावागावांत त्या शेळ्यांच्या डॉक्टर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मार्गदर्शनाच्या कामात जात हा विषय टाळता येत नाही, हे इथे लिहून ठेवायला हवं. एका गटात सगळ्या जातींच्या बायका बसतात, एकत्र चहा पितात, पण एकीने दुसरीच्या घरी जाऊन शिकवायचं म्हटलं की जुन्या भिंती वर येतात. संस्थेने यावर सभेत भाषणं कमी केली. कुणाकडे जायचं हे बाईच्या धंद्यावर ठरवलं, जातीवर नाही. सगळीकडे ते जमलं असा दावा कुणी करू नये. पण शेळीच्या निमित्ताने अनेक उंबरे ओलांडले गेले.

बायकांची संख्या वाढली तशी आणखी एक गरज पुढे आली. एका-एका बाईला सल्ला देऊन भागत नव्हतं. बाजारातल्या बैठ्या जागेची पावती, नगरपालिकेची परवानगी, व्यापाऱ्यांच्या संघटनेची अडवणूक, वाहतूकदाराचा भाव, हे प्रश्न एकटीला सुटत नाहीत. व्यापाऱ्यांचं चेंबर असतं, तसं ग्रामीण उद्योजक बायकांचं चेंबर ऑफ कॉमर्स माणदेशीने सुरू केलं आणि मोफत दूरध्वनीची हेल्पलाइनही सुरू केली. मोठा धंदा असलेल्या बायका आणि नुकत्याच उतरलेल्या बायका एका छपराखाली आल्या. वरवर पाहता सहजासहजी घडणारी गोष्ट. पण आपल्या धंद्यात उद्या स्पर्धक होऊ शकेल अशा बाईला आपण का शिकवावं, हा प्रश्न अनेकींनी मोकळेपणाने विचारला, आणि तो रास्त होता. एकाच बाजारात दोघीजणी शेवया विकत असतील तर एकीचं गिऱ्हाईक दुसरीकडे जाणारच. यावर निघालेली तोड व्यवहाराची होती. शक्यतो मार्गदर्शक ताई दुसऱ्या गावची द्यायची. एकाच गावातल्या असल्या तर दोघींनी मिळून कच्चा माल घाऊक भावाने घ्यायचा, म्हणजे शिकवण्यात दोघींचाही फायदा. परोपकाराच्या भरवशावर हे काम टिकलं नसतं.

मुंबईत प्रभादेवीला रवींद्र नाट्यमंदिरात भरलेल्या माणदेशी महोत्सवाने या एकमेकींकडून शिकण्यात भर घातली. घोंगडी, मातीची भांडी, बांबूच्या वस्तू, ठेचा, चटण्या, ज्वारी-बाजरीचे पदार्थ घेऊन बायका मुंबईच्या गिऱ्हाइकासमोर बसल्या. गावच्या बाजारात भाव सांगायला लाजणारी बाई तिथे चार दिवसांत ठामपणे भाव सांगते, कारण शेजारच्या स्टॉलवरची तिला सांगते की इथं घासाघीस होते पण गिऱ्हाईक परत येतं, खाली येऊ नका. कोणत्या चवीला मुंबईत मागणी आहे, पिशवीवर तारीख का लागते, पैसे मोबाइलवर आले की आवाज ऐकूनच माल द्यायचा की खात्यात बघायचं, हे सगळं त्या एकमेकींकडून तिथेच शिकल्या.

२०१८ साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या अध्यक्षपदांवर पहिल्यांदाच सगळ्या स्त्रिया होत्या आणि त्या सहअध्यक्षांमध्ये चेतना सिन्हा होत्या. म्हसवडहून निघालेलं काम जगातल्या मोठ्या उद्योगपतींसमोर मांडलं गेलं. त्या सुमारास बँकेच्या खातेदार बायकांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. आपल्या सगळ्यांना याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. मात्र या इतिहासात दावोसपेक्षा जास्त जागा मी चटणीच्या हिशेबाला दिली, कारण दावोसला जे सांगितलं गेलं ते तिथे घडलं नव्हतं, ते इथल्या ओट्यांवर घडलं होतं.

२०१६ची नोटबंदी आणि २०२०ची टाळेबंदी या दोन्ही वेळी आठवडी बाजार कोलमडले. रोखीवर चालणाऱ्या धंद्याला त्या दिवसांत जे सोसावं लागलं, ते अजून पुरतं लिहिलं गेलेलं नाही. टाळेबंदीत बाजार बंद, शाळेची बस बंद, वर्ग बंद. तेव्हा मार्गदर्शक तायांचा फोन हाच धागा राहिला. ज्यांची शिवणयंत्रं होती त्या मास्क शिवायला लागल्या. कुणी घरपोच भाजी द्यायला लागली. ज्या बायका धंदा सोडून देतील असं वाटलं होतं, त्यांतल्या बऱ्याच जणी उभ्या राहिल्या. त्याचं श्रेय त्या काळात रोज कुणीतरी त्यांच्याशी धंद्याबद्दल बोलत होतं याला मी देतो.

आज मार्गदर्शनाचे विषय बदलत आहेत. अन्नपदार्थ विकणाऱ्या बाईला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या धंद्यासाठी तिची फी वर्षाला शंभर रुपयेच आहे, पण अर्ज ऑनलाइन. जुलै २०२०पासूनची उद्यम नोंदणी तर मोफत आहे, तरी एजंट तिचे हजार रुपये घेतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत पात्र प्रकल्पखर्चावर ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान मिळतं. प्रकल्प अहवाल लिहायचा कसा, हे मात्र बायकांना कुणी सांगत नाही. मोबाइलवर खोट्या क्यूआर कोडने पैसे काढून घेतल्याच्या तक्रारी बाजारात सारख्या ऐकू येतात. म्हणून आता मार्गदर्शक तायांनाच आधी शिकावं लागतं. जी बाई काल पाकिटाचा भाव ठरवायला शिकवत होती, ती आज आपल्या मुलीकडून पोर्टलवर अर्ज भरायला शिकते आणि पुढच्या बाईला दाखवते.

दुसरी अडचण मार्गदर्शक तायांच्या स्वतःच्या वेळेची. स्वतःचं दुकान बंद ठेवून दुसरीच्या गावी जायचं, तर त्या दिवसाची विक्री बुडते. प्रवासखर्च आणि त्या दिवसाचं मानधन नियमितपणे देण्याची सोय प्रत्येक शाखेत व्हायला हवी, अशी मागणी त्यांच्याकडून वारंवार होते. ती मान्य झाली पाहिजे, असं या इतिहासाचा लेखक म्हणून मला ठामपणे सांगायचं आहे. आपण ज्यांना स्वतःची मजुरी हिशेबात धरायला शिकवतो, त्यांच्या मजुरीचा आकडा आपल्या ताळेबंदातही दिसला पाहिजे. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष ठेवावं.